टीएक्स 340 अपडेट: इंजिन निर्दोष सुटलं, चोर क्लचमध्ये होता

मंडळी, डिसेंबरपासून काही लिहिलं नाही कारण सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं, म्हणजे घडत होतं पण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. आता जरा तोंड दाखवायला जागा झालीये.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. गाडी म्हणजे स्नोमोबाईल, पुढे स्की, मागे चाकांऐवजी रबरी पट्टा (ट्रॅक), बर्फावर पळणारी. 1976 ची पोलॅरिस टीएक्स 340, दोन सिलिंडर, टू स्ट्रोक, दोन मिकुनी कार्ब, आणि फ्री एअर, म्हणजे पंखा नाही, पाणी नाही, समोरून येणारी थंड हवा हाच कूलर. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तर भागात एका शेतकऱ्याच्या गोठ्यात धूळ खात पडली होती. विकणारा म्हणाला, बेल्ट तेवढा बदला, पळेल. आपल्याकडे जुनी स्कूटर विकणारा "प्लग तेवढा बदला" म्हणतो ना, तेच हे, फक्त इंग्लिशमध्ये आणि उणे वीसमध्ये.

तर दोन हिवाळे मी इंजिनामागे घालवले. बोअर करून घेतलं, पिस्टन-रिंगा नवीन, क्रँकचे सील नवीन, टायमिंग डायल गेज लावून केलं, कार्ब तीनदा उघडले. मागच्या कुणीतरी पोर्ट घासलेत आणि पाईप रेसचे बसवलेत, त्यामुळे हिची खरी ताकद 8500 आरपीएमच्या आसपास यायला हवी. गोठलेल्या तळ्यावर नेली, फुल थ्रॉटल दिला, काटा 7200 ला जाऊन बसला तो बसलाच. आवाज घोगरा, पिकअप म्हशीचा. कार्बचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) बदलले, प्लग बदलले, पाईपात उंदराचं घरटं आहे का तेही बघितलं (नव्हतं, एअरबॉक्समध्ये मात्र होतं).

माझं डोकं इंजिनाच्या पलीकडे का जात नव्हतं याचाही विचार केला. या गाड्यांचा इतिहास सांगणारे सगळे इंजिनाचाच सांगतात. पोलॅरिसची इंजिनं जपानच्या फुजी हेवी इंडस्ट्रीजची, म्हणजे सुबारू बनवणारी कंपनी. दुसऱ्या ब्रँडची, स्की-डूची, ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सची, ती कंपनी स्की-डूवाल्या बॉम्बार्डिएने 1970 मध्ये विकतच घेतली. आर्क्टिक कॅट कंपनीने तर पँथर मॉडेलमध्ये जर्मनीच्या झाक्सचं 303 सीसीचं वँकेल बसवलं होतं, पिस्टनच नाही, बर्फावर रोटरी! यामाहा 1968 मध्ये स्वतःचं इंजिन घेऊन आली. 1971 च्या सुमारास वर्षाला जवळजवळ 5 लाख गाड्या खपत होत्या आणि बनवणारे शंभरावर होते, आणि प्रत्येकाला रविवारी रेस जिंकून सोमवारी गाडी विकायची होती. मग तेलाचे भाव भडकले, बर्फही नीट पडेना, आणि त्यातले बहुतेक पाच-सात वर्षांत गायब. तर एवढं सगळं वाचून डोक्यात इंजिनच बसणार ना. शिवाय मी कोल्हापूरचा, बाबांचं उद्यमनगरात स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं, टू स्ट्रोक म्हटलं की हात आपोआप सिलिंडर हेडकडे जातो.

आता गंमत. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी तळ्यावरून बाबांना व्हिडिओ कॉल लावला, त्यांना बर्फ दाखवायला म्हणून. आई मागून ओरडतेय, अरे त्या बर्फाखाली पाणी असतं ना रे, मी म्हटलं दहा इंच बर्फ आहे गं, ड्रिल मारून मोजलाय. मित्राच्या हातात फोन दिला आणि एक फेरी मारली. परत आलो तर बाबा म्हणतात, "इंजिन चांगलंय. बेल्ट लवकर वर चढतोय. कायनेटिकला जड रोलर टाकले की असाच आवाज यायचा."

मी हसलो. आयुष्यात बर्फ न बघितलेला माणूस, दहा हजार किलोमीटरहून लांब, फोनच्या फाटक्या स्पीकरवर ऐकून सांगतोय. रात्री झोप येईना, मग गॅरेजमध्ये गेलो.

ज्यांना क्लच म्हटल्यावर बाईकचा लिव्हर आठवतो त्यांच्यासाठी जरा थांबतो. या गाड्यांना गिअर नसतात. क्रँकवर एक पुली, तिला प्रायमरी म्हणायचं, मागे दुसरी, ती सेकंडरी, मधे रबरी बेल्ट, या पुल्यांनाच इथे क्लच म्हणतात. प्रायमरीत तीन वजनं असतात, आरपीएम वाढले की ती बाहेर फेकली जातात आणि पुलीच्या दोन थाळ्या जवळ ढकलतात, बेल्ट दाबला जाऊन वर चढतो, म्हणजे गिअर वाढला. एक स्प्रिंग त्याला विरोध करते. सेकंडरीत एक तिरकी खाच असलेला कॅम असतो, हेलिक्स म्हणतात, ट्रॅकवर लोड आला की तो मागची पुली आवळतो आणि गिअर परत खाली आणतो. म्हणजे पुढची पुली आरपीएम बघते, मागची लोड बघते, आणि दोघींच्या ओढाताणीत गिअर ठरतो. कायनेटिक होंडा चालवलेल्यांनी हेच चालवलंय, तिथे वजनांच्या जागी रोलर असतात आणि मागच्या चाकाजवळ वेगळा सेंट्रिफ्युगल क्लच असतो, इथे आयडलला प्रायमरीच बेल्ट सोडून देते.

आता मुख्य मुद्दा: इंजिन किती आरपीएमवर राहील हे फुल थ्रॉटलला इंजिन ठरवतच नाही, क्लच ठरवतो. वजन जड असेल तर बेल्ट घाईने वर चढतो आणि इंजिनाला खाली दाबून ठेवतो. माझं इंजिन दोन वर्षं घाटात चौथ्या गिअरमध्ये चालत होतं आणि मी त्याचे पिस्टन बदलत होतो.

प्रायमरी काढणं हा वेगळा सोहळा. ती क्रँकच्या टेपरवर बसलेली असते, पुलर लावून लांब बोल्ट आवळला तरी हलेना, पान्याला पाईप लावला तरी नाही, आणि अजून जोर दिला तर क्रँकचंच तोंड जायचं. शेवटी शेजारचे सत्तरी ओलांडलेले आजोबा आले, त्यांनी पुलर काढला, भोकात पाणी भरलं, पुलरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि म्हणाले आता आवळ. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे बोल्ट आत गेला की पाणीच क्लचला बाहेर ढकलतं. अर्धा आटा फिरवला आणि ठाप्! अख्खा क्लच हातात, चेहऱ्यावर काळं गार पाणी. (क्रँकच्या भोकातलं पाणी लगेच पुसून घ्या, नाहीतर रात्रीत गोठतं आणि गंज धरतो तो वेगळाच.)

वजनं बाहेर काढली तर तिन्ही सारखी दिसेनात. मोजायला अचूक काटा नव्हता, स्वयंपाकघरात केशर-वेलची मोजायचा छोटा डिजिटल काटा होता तो आणला. पहिलं 51.2 ग्रॅम. दुसरं 51.0. तिसरं 48.6! म्हणजे कुणीतरी दोन एका मॉडेलची आणि एक दुसऱ्याची घातलेली. मिनिटाला सात हजार फेऱ्या घेणाऱ्या पुलीत अडीच ग्रॅमचा फरक म्हणजे काय, विचार करा. इतके दिवस हँडलला मुंग्या येत होत्या त्या इंजिनाच्या व्हायब्रेशनमुळे असं समजून मी इंजिन माउंटसुद्धा बदलले होते. सोनार तोळ्यामाशाला जीव टाकतो त्याचं आता हसू येत नाही. काटा परत ठेवायला गेलो तर बायको म्हणाली, ग्रीस लागलेला तो काटा आता तुझ्याच गॅरेजात नांदू दे.

सप्टेंबरात मिनेसोटातल्या नॉर्थ ब्रँचला 'हे डेज' नावाचा स्नोमोबाईलचा मेळा झाला तेव्हा तिथल्या जुन्या पार्टच्या बाजारातून एक डबा उचलला होता, "असू दे" म्हणून, त्यात हलक्या वजनांचा सेट निघाला. (कधी गेला नसाल तर जा, उन्हाळा संपता संपता गवतावर स्नोमोबाईलच्या ड्रॅग रेस लावतात, आणि बाजार आपल्या जुन्या बाजारासारखाच, फक्त पसरलेला मैलभर.) तिन्ही घासून 45.5 वर सारखी केली, कानसीने, प्रत्येक चार घासण्यांनंतर काट्यावर. टाचेकडचं घासायचं की टोकाकडचं यावर पण फरक पडतो, टोकाचं वजन वरच्या स्पीडला जास्त बोलतं. मी टाचेकडून घेतलं.

पुढच्या रविवारी तळ्यावर: 8100. आवाज पूर्ण बदलला, घोगरेपणा जाऊन ती टू स्ट्रोकची किंचाळी आली जी ऐकून यामाहा आरडी बाईकवाले रस्त्यात थांबतात. बाबांना रेकॉर्डिंग पाठवलं. उत्तर: "अजून 400 आहेत. स्प्रिंग बघ." बरं.

बाबा सगळंच बरोबर सांगतात असं नाही हां. जेट लहान करा म्हणत होते, मायलेजवाल्या सवयीने. इथे उलटं आहे. कोल्हापूरच्या 35 डिग्रीत आणि इथल्या उणे 25 मध्ये हवेची घनता साधारण 24 टक्क्यांनी बदलते, थंड हवा दाट, तेवढ्याच कार्बमधून जास्त ऑक्सिजन आत, पेट्रोल तेवढंच राहिलं तर मिक्स्चर लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, आणि पिस्टन सीझ. त्यात फ्री एअर, म्हणजे उभ्या गाडीला गार करणारं कुणीच नाही. सकाळी उणे 10 ला लावलेला जेट रात्री उणे 27 ला चालत नाही. मी एकदा आळस केला होता, तो पिस्टन आता ॲशट्रे आहे.

अजून एक चूक कबूल करतो. टेस्टला जाताना ताजा बर्फ नसलेल्या नुसत्या गुळगुळीत काचेसारख्या बर्फावरून तीन किलोमीटर नेली. ट्रॅकच्या आत रेल असतात, त्यांच्या खाली प्लास्टिकच्या पट्ट्या, हायफॅक्स, त्यांना थंड ठेवायला भुसभुशीत बर्फच लागतो. तो नव्हता. जळक्या प्लास्टिकचा वास आला तेव्हा कळलं. एका बाजूची पट्टी पार वितळून क्लिपांना चिकटलेली. जुन्या गाड्यांना बोगी व्हील असायची, स्प्रिंगवर छोटी चाकं, जड आणि खडखडाटी पण काचेवरून पण पळायची. स्लाईड रेल आल्या आणि रायड कितीतरी सुधारली, हायफॅक्सचा खर्च मात्र मागे लागला.

इतिहासाचं एक सांगायचं राहिलंच. ईगल रिव्हर, विस्कॉन्सिन, 1964 पासून तिथे बर्फाच्या ओव्हलवर वर्ल्ड चॅम्पियनशिप डर्बी होते. डावीकडेच वळायचं, गाडीच्या पट्ट्याला खिळे, स्कीखाली कार्बाईडच्या धारा, आणि पुढच्या गाडीने उडवलेल्या बर्फाच्या धुरळ्यात काही म्हणजे काही दिसत नाही. 1974 ला तिथे अलूएट नावाच्या गाडीवर जिंकला तो जिल विलनव्ह, पुढे फेरारीत फॉर्म्युला वनला गेला तोच. आंधळ्यासारखं चालवायची सवय त्याला इथेच लागली असं तो स्वतः सांगायचा. त्याचा भाऊ जॅकनेही नंतर तिथे तीनदा बाजी मारली.

त्या काळात पोलॅरिसने 1977 च्या सीझनला आरएक्स-एल ही रेसची गाडी आणली, पुढे लीफ स्प्रिंगऐवजी इंडिपेंडंट सस्पेन्शन. तोवर खड्डा लागला की स्की हवेत आणि गाडी सरळ, आता दोन्ही स्की आपापल्या बर्फाला धरून. बाकीच्यांचे धाबे दणाणले. तेच सस्पेन्शन 1980 ला टीएक्स-एल इंडीमध्ये दुकानात आलं. माझी 76 ची म्हणजे त्या बदलाच्या ऐन उंबरठ्यावरची, अजून लीफ स्प्रिंगवाली, त्यामुळे वळणावर डावीकडे बाहेर लोंबकळल्याशिवाय आतली स्की टेकतच नाही. पण एक बघा, सस्पेन्शन बदललं, फ्री एअर जाऊन लिक्विड आलं, कार्ब जाऊन इंजेक्शन आलं, आजची नवीन स्लेड उघडा, आत दोन पुल्या आणि बेल्ट तोच. याच कारणासाठी मला आता क्लचचा राग कमी आणि कौतुक जास्त वाटायला लागलंय, दोन हिवाळे खाल्ले तरी.

सध्याची स्थिती: हायफॅक्स नवीन बसवला. स्प्रिंग बदलली, जरा कडक, त्यामुळे गाडी आता उशिरा उचल घेते, 4300 ला, आणि सुटताना दणका देते, लहान पोराला मागे बसवायचं नाही हे घरात जाहीर झालंय. टॅको 8400 दाखवतो पण दहा-बारा फुल थ्रॉटलच्या पळण्यांनंतर 8200 ला उतरतो, म्हणजे बेल्ट तापून मऊ पडतोय किंवा सेकंडरीचा हेलिक्स नीट परत येत नाहीये. उघडून बघितलं तर हेलिक्सच्या तीन नायलॉन बटणांपैकी एक झिजून सपाट. ऑर्डर केलंय, गुरुवारी येईल.

आज रात्री उणे 28 सांगितलंय. दोन नंबर मोठा जेट टाकून बघतो, सकाळी प्लगचा रंग सांगतो.