संध्याकाळी सातनंतरची वीज

मंगळवार, रात्री. मुलुंड.

दिवसभर २०३० सालच्या विजेचा तक्ता मांडत बसलो होतो. कोळसा, पाणी, अणू, वारा, ऊन, प्रत्येकाला एक रकाना. साहेबांना स्थापित क्षमतेचा, म्हणजे सगळे प्रकल्प पूर्ण ताकदीने चालले तर किती वीज देतील त्याचा, रकाना फार आवडतो. साहजिकच आहे, २०२५ च्या मध्यात देशाच्या स्थापित क्षमतेचा निम्मा वाटा कोळसा-वायू सोडून इतर स्रोतांचा झाला. पण वर्षभरात प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेचा रकाना बघितला, तर २०२४-२५ मध्येही सत्तर टक्क्यांहून जास्त कोळसाच.

यात कुणाची लबाडी नाही. सौर प्रकल्पाचा एक मेगावॉट वर्षभराच्या सरासरीत साधारण पाचवा हिस्साच देतो, आणि संध्याकाळी सातनंतर काहीच नाही. नेमकी तेव्हाच मुंबईतली माणसं लोकलमधून घामेजून घरी येतात आणि एसी लावतात. मे महिन्यात तो पहाटेपर्यंत बंद होत नाही.

म्हणून मी तक्ता सातपासून मांडायला घेतला. तारापूर १९६९ पासून चालू आहे, पण अणुवीज एकाच लयीत चालते, संध्याकाळपुरती वाढवता येत नाही. दाभोळचा वायूवरचा प्रकल्प जवळजवळ दोन हजार मेगावॉटचा, अशा वेळेला अगदी योग्य. पण आयात वायूचा भाव बघितला की हात आखडतो. राहिला कोळसा. त्याचा संच चहाच्या स्टोव्हसारखा लावला-विझवला जात नाही. संध्याकाळी हवा असेल तर भर दुपारीही, स्वस्त ऊन असताना, तो निम्म्याहून थोड्या जास्त भारावर धुमसत ठेवावा लागतो. म्हणजे सौरऊर्जा वाढली म्हणून कोळशाची गरज आपोआप संपत नाही. दुपारची वीज रात्रीपर्यंत साठवली, तरच ती गरज कमी होईल.

साठवण म्हणजे बॅटऱ्या, नाहीतर उदंचन, म्हणजे दुपारी पाणी वर चढवून रात्री खाली सोडणं. पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडण्याचं काम टाटांचं रायगडमधलं भिरा जलविद्युत केंद्र कित्येक वर्षं करतंय. सह्याद्रीचा कडा त्यासाठी आयताच उभा आहे, आणि राज्य सरकारने अशा प्रकल्पांचे ढीगभर करारही केलेत. माझं मत उदंचनाच्या बाजूने आहे. बॅटरी चारेक तास पुरते, रात्र त्याहून मोठी असते.

तरी उदंचनाच्या रकान्यात आकडा भरताना हात अडला. भिऱ्याला पाणी येतं ते मुळशीहून. १९२१ साली सेनापती बापटांनी टाटांच्या धरणाविरुद्ध जिथे सत्याग्रह केला, तेच मुळशी. मावळातली शेतं बुडाली आणि वीज मुंबईला आली. नवे प्रकल्प नदी अडवत नाहीत, छोटे तलाव बांधतात, असं सादरीकरणात लिहिलेलं असतं. बऱ्याच प्रकल्पांबाबत ते खरंही आहे. पण पठारावर कुणाची तरी गुरं चरत असतातच.

क्षमता, खर्च, कालावधी एवढेच रकाने होते. आज 'जमीन कुणाची' असा एक वाढवलाय. उद्या साहेब तो काढायला सांगतील. मी ठेवा म्हणणार आहे.