आबांनी लॉन उचललं

कोल्हापूरजवळ कळंब्याला घर बांधलं तेव्हा पुढं १२ बाय १८ फुटांची जागा उरली. बायको म्हणत होती फरशी घालू, गाडी तरी लागेल. मी लॉनवर अडून बसलो. नर्सरीतून गवताचे तयार चौकोन आणून अंथरले, वर ट्रॉलीभर शेणखत टाकलं. भोगावतीकाठच्या गावाहून आबा आले की फाटकातच विचारायचे, "दूध किती देतंय रे हे?"

गेल्या सप्टेंबरात पाऊस जरा उघडला आणि लॉनवर पिवळे चट्टे दिसायला लागले. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. रोज पाइप धरून उभं राहायला वेळ कुठला? म्हणून मोटरला वायफायचा स्मार्ट प्लग लावला. त्यात दोन संध्याकाळी गेल्या, कारण असले बहुतेक प्लग २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात आणि आमच्या राउटरनं २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडना एकच नाव दिलं होतं. नावं वेगळी केल्यावर गडी लगेच जोडला गेला. मोटरसाठी घेणार असाल तर १६ अँपिअरचाच घ्या, मोटर सुरू होताना करंट जास्त ओढते. आणि लाइट जाऊन आली की प्लगनं काय करायचं, हे ॲपमध्ये आधी बघून ठेवा. आमच्या प्लगनं लाइट आल्या आल्या मोटर आपली आपण चालू केली. आम्ही सगळे लग्नाला गेलेलो. परत आलो तर पाणी रस्त्यापर्यंत.

मग हिशोबाला बसलो. लॉनवर सहा वाट्या ठेवून फवारा वीस मिनिटं चालवला. जवळच्या वाटीत सेंटिमीटरभर पाणी, कोपऱ्यातल्या वाटीचा नुसता तळ ओला. एक इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर. आमचं लॉन वीस चौरस मीटर, म्हणजे हजार लिटरची निम्मी टाकी! फवारा सरकवला, रोजचं शिंपडणं सोडून आठवड्यातून दोनदा पहाटे भरपूर पाणी दिलं. एवढं करूनही चट्टे वाढतच गेले. मशीनचं पातं बोथट झालं की गवताचे शेंडे फाटून पांढरे पडतात, म्हणून पातंही उद्यमनगरात धार लावून आणलं. तेवढं शेंड्यांपुरतं सुधारलं.

त्याच दिवसांत सकाळी सकाळी साळुंक्या आणि कावळे लॉनवर उतरायला लागले. मी खुशीत फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकले. आबांनी फोटो बघितला आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं आले.

चप्पल न काढता थेट चट्ट्यावर गेले, वाकले, मूठभर गवत धरून ओढलं. अख्खा तुकडा चादरीसारखा वर आला. खाली एकही मूळ नाही. मातीत पांढऱ्या, जाडजूड, तपकिरी डोक्याच्या अळ्या अंग मुडपून पडलेल्या.

"आरं, पाणी काय पाजतूस? हुमणी हाय ही. उसात असती तीच."

मग कच्चं शेणखत कुणी टाकलं, याची चौकशी झाली. मी गप्प. न कुजलेल्या खतातून हुमणी वाढते, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असावं अशी त्यांची अपेक्षा. दुपारभर आम्ही खुरप्यानं माती उलटी करून अळ्या वेचल्या, साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकल्या. उरलेल्या अळ्या कावळ्यांनी खाल्ल्या. मेटारायझियम नावाची बुरशी मिळते, ती ओल्या मातीत घालतात. अळ्या लहान असताना, म्हणजे जुलैच्या आसपास ती चांगलं काम करते. आम्ही उशीर केला होता.

उघड्या जागी परत विकतचे चौकोन नको म्हटलं. आबांना गावाकडून हरळी आणायला सांगितली. ते बराच वेळ बघतच राहिले. "जलमभर बांधावरची हरळी खणून काढली मी. आता लावाय आणू व्हय?" पण पोत्यातून आणली. बोटभर कांड्या वीतभर अंतरावर टोचल्या, दिवाळीनंतर पंधरवड्यात जमीन झाकली. आता शेजारच्या काकू संकष्टीला आमच्याकडंच दूर्वा न्यायला येतात. लव्हाळा मात्र अजून आहे. वरून उपटला की खालच्या गाठीतून पुन्हा फुटतो, त्याला खुरपं खोल घालूनच काढावं लागतं.

यंदा मेअखेरीस वळवाचा पहिला जोराचा पाऊस झाला त्याच संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे निघाले. ते शेजारच्या कडुलिंबावर जमतात आणि मग मातीत अंडी घालतात. मोटरचा प्लग काढून बल्बला लावला, बल्बखाली घमेल्यात पाणी आणि त्यावर चमचाभर रॉकेल. वेळ संध्याकाळी सात ते नऊ. पहिल्या रात्री ४३ पडले. आबांना फोटो पाठवला.

आता रोज साडेनऊला त्यांचा फोन येतो. "आज किती?"