एक माइन कमी

२००३ चा फेब्रुवारी असेल. जम्मूकडे आर. एस. पुरा भागात बॉर्डरला लागून बासमतीची शेतं, तिथे आमची फौजेची माइन, म्हणजे जमिनीत पुरलेले सुरुंग, काढणारी टीम. २००१ च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला, ऑपरेशन पराक्रम, म्हणजे बॉर्डरवर फौज उभी करायची मोहीम, सुरू झालं तेव्हा राजस्थान, पंजाब, जम्मू सगळीकडे माइन लावल्या, म्हणजे आमच्यासारख्यांनीच लावल्या, थंडीत, रात्री, घाईत. लावायला एक रात्र आणि काढायला महिने, पुण्याजवळ खडकीला फौजी ट्रेनिंगमध्ये उस्ताद हे घोकून घ्यायचे पण तेव्हा ते नुसतं पाठ.

तर शेताच्या त्या तुकड्यात १४८ माइन लावल्याचं रेकॉर्ड. हाताला लागल्या १४७.

आता कुणी म्हणेल एकच ना, सोडा. पण तिथे लावलेली एम-१४ माइन म्हणजे शूपॉलिशच्या डबीएवढी प्लास्टिकची डबी, त्याहून थोडी उंच, आत २९ ग्रॅम बारूद. नऊदहा किलो दाब पडला की झालं, शाळकरी पोराचा पायसुद्धा पुरतो. जीव जाईलच असं नाही, पाऊल जातं. माझ्या बॅचच्या एकाचं गेलंय, जास्त लिहीत नाही. लोखंड त्यात पिनेपुरतं, त्यामुळे डिटेक्टर बऱ्याचदा गप्प. मग प्रॉडर, म्हणजे टोचायची सळई. पोटावर आडवं पडून, तिरका धरून, बोट बोट सरकत जमीन टोचायची. सरळ वरून टोचलंस तर तू थेट माइनच्या वरच्या प्लेटवर, जिच्यावर दाब पडला की ती उडते. त्यात वर्षभर कुणी शेतात गेलेलं नाही, डोक्याएवढा सरकंडा, म्हणजे उंच गवत, माजलेला, तो आधी कापा.

तीन दिवस तोच तुकडा परत परत. काही नाही. सुभेदार साहेबांचं जेवण गेलं होतं, नकाशा घेऊन नुसते बसायचे.

शेताचे मालक एक बाबाजी, सत्तरीचे. रोज सकाळी माइनच्या भागाभोवतीच्या तारेबाहेर बांधावर उकिडवे बसायचे आणि आम्हाला चहा पाठवायचे. तिसऱ्या दिवशी साहेबांनी सहज विचारलं, बाबाजी, पावसाचं पाणी कुठून निघतं? ते म्हणाले, "उस कोने से। पहले दिन से तो बोल रहा हूँ, फौजी लोग सुनते कहाँ हैं।"

खरंच बोलले होते की. आम्हाला वाटलं म्हातारा आपल्या शेतीचं सांगतोय.

कोपऱ्यात बांध फुटून पाणी नाल्याकडे गेलं होतं, गाळ साचलेला. तो गाळ तारेच्या बाहेर. म्हणजे आमच्या हिशेबात सेफ एरिया, रोज तिथून आम्ही ये-जा करायचो, बूट तिथेच काढून ठेवायचो. पहिल्यांदा मी तिथे आडवा झालो तेव्हा घसा कोरडा पडला खोटं का बोला. दीडेक तासाने प्रॉडर कडक लागला. बोटांनी गाळ बाजूला केला तर आडवी पडलेली, प्लेटवरचा बाण 'ए' कडे, म्हणजे आर्म्ड. बुटांच्या जागेपासून चार पावलं.

उचलायची नाही, जागेवरच उडवायची. शेजारी स्फोटकाचा चार्ज ठेवला, सेफ्टी फ्यूज पेटवली, सगळे लांब. धप्प आवाज, चिखल वर, संपलं.

साहेबांनी वहीत १४८ लिहिलं. आम्ही हसतोय, एकमेकांना मिठ्या मारतोय आणि बाबाजी तिथे जाऊन बघतात तर उरलेला बांधही गेलेला. "मेड़ तोड़ दी मेरी," असं करवादत त्यांनी नातवाला हाक मारून फावडं मागवलं.

साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, जा, माती ओढ.