मोराची शेपटी अजून ओलीच आहे
उद्या ऑगस्टचा पहिला रविवार, फ्रेंडशिप डे, आणि मी सकाळपासून जमिनीवर पसारा मांडून बसलेय. आई दोनदा येऊन गेली, "काय करायलीस गं, दुकानात मिळतात की कार्डं!" मिळतात ओ, पण आमच्या सात जणींना दुकानातलं कार्ड दिलं तर वर्षभर टोमणे कोण ऐकणार 😄

मागच्या महिन्यात वेरूळला जाताना कागजीपुऱ्यातून हातकागद आणला होता. दौलताबादच्या पुढंच आहे गाव, तुघलकानं 1327 ला राजधानी इकडं हलवली तेव्हापासून तिथं कागद बनतो म्हणतात. चिंध्यांच्या लगद्याचा, जाडसर, कडा वेड्यावाकड्या, हात फिरवला की खरखरीत लागतो. त्या कडा मी मुद्दाम कापल्या नाहीत, तीच तर मजा.

पण स्केचपेन टेकवला की शाई पसरायलीय!! पहिल्या कार्डावरच्या "प्रिय" चा पार ढग झाला. मग जेलपेननं हळूहळू लिहिलं, आणि पैठणीच्या पदरावरचा मोर जुन्या लग्नपत्रिकांमधून कापून चिकटवला (लग्नपत्रिका कधी फेकू नका, सोनेरी कागद लै कामाचा असतो). फेविकॉल मीच जास्त ओतलं, त्यात बाहेर भुरभुर पाऊस, वाळायचं नावच नाही. आता सातही मोर फॅनखाली ओळीत पडलेत, आणि ढगवालं कार्ड कुणाला द्यायचं ते ठरलंय, जी नेहमी उशिरा येते तिला.