ठसा कुणाचा, हात कुणाचा

मला चित्र काढता येत नाही. विनय म्हणून सांगत नाहीये. मी पक्षी काढला तर तो कोणता, हे खाली लिहावं लागतं. तरीही ऋतू पालटायचे दिवस जवळ आले की जाड कागद, शिक्के, शाईचे पॅड आणि चमकीच्या बाटल्या टेबलावर पसरून मी बसते आणि आपल्या माणसांना पाठवायला शुभेच्छापत्रं करते. पत्र हातात पडलं की कुणी ना कुणी विचारतंच, "हे तू काढलंस?" मी म्हणते, "हाताने केलंय." उत्तर खरं आहे, पण जरा चलाखीचं आहे. फांदी काढली दुसऱ्याच कुणा चित्रकाराने, शिक्का बनला कारखान्यात, शाई तिथलीच आणि चमकी यंत्राने कापलेली. मग माझं त्यात काय?

माझा असतो तो दाब. ऐकायला फुटकळ वाटतं, पण शिक्का मारणं हे कार्यालयातल्या टेबलावर धाडधाड ठप्पे मारण्यासारखं नसतं. तिथे अक्षरं वाचता आली की पुरे. इथे फांदीच्या शेवटच्या काडीपर्यंत शाई पोचायला हवी. शिक्का मोठा असेल तर तो पॅडवर टेकवायचा नाही. शिक्का उताणा धरून पॅडच त्याच्यावर हलक्या हाताने थोपटायचा. म्हणजे शाई उंचवट्यांवर बसते, खोबणीत उतरत नाही. मग शिक्का सरळ खाली आणायचा, सगळीकडून सारखा दाबायचा आणि सरळ वर उचलायचा. नवशिक्याला तो मागेपुढे डोलवायचा मोह होतो. डोलवला की शिक्क्याची कड कागदाला लागते आणि चित्राभोवती नको ती रेघ उमटते. पारदर्शक शिक्के अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्याला आपोआप चिकटतात आणि आरपार दिसत असल्याने जागा नेमकी साधते. पण ते कोरे असताना शाई त्यांच्यावर पसरत नाही, थेंबाथेंबाने गोळा होते. अशा शिक्क्यावरून साधं खोडरबर अलगद फिरवायचं. वरचा गुळगुळीतपणा मोडला की शाई नीट धरते. पारदर्शक शिक्क्याच्या मागे मऊ थर नसतो, म्हणून कागदाखाली पातळ फोम ठेवला तर ठसा आणखी भरीव येतो.

इतकं सगळं करूनही दोन ठसे सारखे येत नाहीत. एकात पानाची शीर ठसठशीत, दुसऱ्यात तिचा निम्मा भाग गायब. मला हा दुसरा जास्त आवडतो, पण घेणाऱ्याला तो आवडेलच असं नाही. फिक्या ठशाचं कौतुक करणं हा बनवणाऱ्यांचा आपापसातला लाड आहे.

शाईबद्दल माझी मतं ठाम आहेत. रंगद्रव्य पाण्यात पूर्ण विरघळलेली शाई कागदात मुरते, चटकन वाळते आणि पुढे उजेडात ठेवली तर फिकी पडत जाते. जिच्यात रंगाचे सूक्ष्म कण तरंगत असतात ती पिगमेंट शाई कागदावर बसून राहते, रंग दाट देते, पण वाळायला वेळ घेते. हवा दमट असेल तर जास्तच. घाई असणाऱ्याने पहिली घ्यावी. मी दुसरी घेते. ती ओली राहते म्हणूनच तिच्यावर एक गंमत करता येते.

ती गंमत म्हणजे एम्बॉसिंग पावडर. ओल्या ठशावर ही बारीक पूड भुरभुरायची, कागद तिरका करून खालून टिचकी मारायची, उरलेली पूड परत बाटलीत. कागदावर राहते ती फक्त ठशाच्या रेषांवरची पूड, निस्तेज, खडबडीत, खडूच्या भुकटीसारखी. मग हीट गनची गरम हवा एका कोपऱ्यावर धरायची. थोडा वेळ काहीच होत नाही. आणि मग एका टोकाला रेष ओली झाल्यासारखी चमकते, ती चमक पानावरून देठाकडे, देठावरून फांदीकडे सरकत जाते आणि मागे उंच, गुळगुळीत, बोटाला लागणारी रेष सोडते. झोत कुठे वळवायचा ते डोळ्यांनी ठरवायचं; जास्त वेळ धरलं तर वितळलेली पूड कागदात मुरते आणि तेलकट डाग दिसायला लागतो. केस वाळवायचं यंत्र इथे कामाचं नाही. त्याचा वारा मोठा आणि उष्णता कमी, त्यामुळे पूड वितळायच्या आधी उडूनच जाते. ठसा मारण्यापूर्वीच कागदावर टाल्कम पावडरची पुरचुंडी फिरवावी लागते, नाहीतर स्थिर विजेमुळे पूड भलत्या जागी चिकटते आणि मग कोऱ्या भागावर चंदेरी पुरळ उठतं.

यंत्राचं किती आणि हाताचं किती, हा घोळ शुभेच्छापत्राच्या जन्मापासूनचा आहे. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल या गृहस्थांकडे उत्तरं द्यायची पत्रं इतकी साठली की त्यांनी जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकार मित्राकडून नाताळचं एक कार्डच काढून घेतलं. गंमत म्हणजे तीन वर्षांपूर्वी, 1840 मध्ये, एका पेनीत पत्र पोचवणारी जी टपालसेवा सुरू झाली आणि जिच्यामुळे पत्रांचा पूर आला, ती उभी करण्यात याच कोल यांचा हात होता. कार्डावर मध्यभागी पेले उंचावणारं कुटुंब आणि दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न-वस्त्र देण्याची दृश्यं होती. चित्रातल्या लहान मुलाच्या ओठांनाही पेला लावलेला पाहून दारूबंदीवाले खवळले. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट धरून ठेवते. रेषा दगडावरून छापलेल्या होत्या आणि रंग हाताने भरलेले होते. पत्रं लिहायचा कंटाळा म्हणून निघालेल्या छापील कार्डातही कुणीतरी कुंचला घेऊन बसलं होतंच! पुढे 1870च्या दशकात बोस्टनच्या लुई प्रँग यांनी एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून बहुरंगी कार्डं छापली आणि त्या कुंचल्याचं कामही संपलं. आपण छंद म्हणून शिक्क्याच्या रेषांमध्ये पाण्याचे रंग भरतो ते काम कधीकाळी मजुरीचं होतं, हे आठवलं की माझा कलावंताचा तोरा जरा उतरतो.

आता चमकी. मी तिला भिते आणि तिच्याशिवाय माझं भागतही नाही. ही पूड म्हणजे पॉलिएस्टरची अतिशय पातळ फिल्म. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा चढवलेला असतो, वर रंग. भिंगातून पाहिलं तर बहुतेक कण षट्कोनी दिसतात, कारण षट्कोन एकमेकांना बिलगून बसतात आणि कापताना फिल्म वाया जात नाही. चपटे असल्यामुळे ते प्रत्येकी वेगळ्या कोनात पडतात आणि पान हललं की आळीपाळीने उजेड परतवतात. या चपटेपणाचाच ताप होतो. हलका, सपाट कण कशालाही चिकटतो, कपड्यावरून खुर्चीवर, खुर्चीवरून पाहुण्यावर. न्यायवैद्यक तज्ज्ञांना चमकी म्हणूनच प्रिय आहे. ती सहज लागते, लागल्याचं माणसाला कळत नाही आणि आकार, जाडी, रंग यांचे इतके प्रकार असतात की दोन जागचे कण ताडून पाहता येतात. शिक्का माझ्या दाबाला मानतो, शाई हवेला मानते. चमकी कुणालाच मानत नाही.

त्यात ती प्लास्टिक. युरोपीय संघाने 17 ऑक्टोबर 2023 पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी घातली, कारण पाण्यात गेलेले हे कण परत वेचता येत नाहीत. काच, खनिज किंवा खरोखर विघटन होणाऱ्या पदार्थांपासून केलेली चमकी त्या बंदीत येत नाही. अभ्रकाची पूड मी वापरून पाहिली. ती चमचमत नाही, नुसती मंद झळाळते. धुक्याच्या कार्डाला शोभते, आतषबाजीच्या नाही. सेल्युलोजची चमकी मात्र डोळ्यांना फारसा फरक जाणवू देत नाही. घरात जुन्या बाटल्या उरल्यात त्यांचं काय करायचं हा प्रश्न आहेच. टाकून दिल्या तरी त्या जातात कुठे? म्हणून मी त्या पुरवून वापरते आणि वर वार्निशचा हात देते, म्हणजे निदान पाकिटातून सांडत तरी नाहीत.

मध्यंतरी वाटलं, दुसऱ्याच्या चित्रावर किती दिवस जगायचं? मग खोडरबरावर स्वतःच शिक्का कोरला. पातळ कागदावर पेन्सिलीने पान काढायचं, कागद पालथा घालून रबरावर घासायचा. चित्र आपोआप उलटं उतरतं आणि छापताना सरळ होतं. पाते नेहमी रेषेपासून बाहेरच्या बाजूला कलतं धरायचं, म्हणजे रेषेचा पाया रुंद राहतो आणि दाबल्यावर ती वाकत नाही. पान बेढब झालं, पण ते शंभर टक्के माझं. विकतच्या शिक्क्याची कार्डं आणि ही कार्डं एकाच वेळी रवाना केली. फरक कुणालाच कळला नाही. उलट मावशीने विकतच्या फांदीची तारीफ करत कळवलं की तुझा हात बराच सुधारला!

खरी अडचण येते ती घडी उघडल्यावर. शुभेच्छांचेही तयार शिक्के मिळतात, सुरेख वळणदार अक्षरांचे. पुढच्या बाजूला मी ते खुशाल वापरते. आत नाही. कोल यांच्या त्या पहिल्या कार्डातही शुभेच्छा छापलेल्या होत्या, पण कुणाला आणि कुणाकडून या दोन जागा कोऱ्या सोडल्या होत्या. माझ्या कार्डात अख्खी आतली बाजू कोरी असते आणि ती भरायची वेळ नेमकी मी दमलेली असताना, हात शाईने माखलेले असताना येते. मग चार ओळी उरकल्यासारख्या उतरतात, आणि नावात काना-मात्रा चुकला तर बाहेरचं सगळं काम वाया.

त्यामुळे आता मी क्रम उलटा केलाय. आधी कागदाची घडी घालायची, आतला मजकूर लिहायचा, आणि मग बाहेर काय छापायचं ते बघायचं. गुडघे धरलेत म्हणून बाहेर पडत नाही असं आत्याला विचारपूस करताना आठवतं, तेव्हा तिला बर्फात चालणाऱ्या माणसांचा शिक्का नको हे कळतं. नुकत्याच लांब राहायला गेलेल्या मैत्रिणीला लिहिताना पान भरून मजकूर होतो, तिला पुढे एक छोटा ठसा पुरतो. भाच्याला दोन ओळींपलीकडे काही सुचत नाही, मग सगळी चमकी त्याच्या वाट्याला. त्याची आई मात्र फरशी पुसताना माझं नाव काढते.