स्टॉप मोशनला आज्ञाधारक कॅमेरा हवा

नाशिकचा माझा भाचा हल्ली फोन केला की एकच विषय काढतो. "मावशी, स्टॉप मोशनसाठी नवा मिररलेस कॅमेरा घेऊ का गं? फोर के आहे, धडाधड फोटो काढतो, माणसाच्या डोळ्यावर आपोआप फोकस करतो." यातलं काहीच तुला लागणार नाही, असं मी म्हटलं की तो हिरमुसतो. स्टॉप मोशन म्हणजे बाहुली जराशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची, आणि ते फोटो ओळीने चालवून ती हलताना दाखवायची. फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. शाळेतले काही पालकही हेच विचारत असतात, त्यांनाही उपयोग होईल.

मी सांगलीत चित्रकला शिकवते आणि घरच्या मागच्या खोलीत छोट्या फिल्म करते. सध्या दिवाळीच्या किल्ल्यावरच्या पहारेकरी मावळ्याची गोष्ट चालू आहे. मावळा वीतभर उंचीचा, आत ॲल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा, वर तेलातली माती. शाडू इथे चालत नाही, ती वाळते आणि कोपरात तडकते.

आता मुद्द्याचं. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी असतात. घरी काम करताना आपण प्रत्येक फोटो दोन चौकटी धरून ठेवतो, म्हणजे सेकंदाला १२ फोटो आणि मिनिटाला ७२०. या ७२० फोटोंमध्ये मावळा सोडून दुसरं काहीही बदलायला नको. उजेड तोच, रंग तोच, फोकस तिथेच, चौकट तिथेच. एखाद्या फोटोत उजेड जरासा कमी झाला तर तो फोटो एकटा पाहताना कळतसुद्धा नाही. ओळीने चालवले की पडद्यावर लुकलुक दिसते आणि मग बघणाऱ्याचं लक्ष मावळ्यावर राहत नाही.

आजचे कॅमेरे बनवलेत ते नेमके याच्या उलट कामासाठी. पळणारं मूल, लग्नातला मांडव, उन्हातून सावलीत जाणारा माणूस, असं सगळं सांभाळायचं म्हणून ते दर फोटोला नव्याने विचार करतात. मावळ्याने काळी घोंगडी अंगावर घेतली की कॅमेऱ्याला वाटतं अंधार वाढला, तो सगळं चित्र उजळवतो. तांबडा शेला पुढे आला की रंगांचा तोल बदलतो. हात नाकासमोर आला की फोकस हातावर उडी मारतो, आणि फोकस सरकला की चौकटीतलं चित्रही किंचित लहानमोठं होतं. म्हणून कॅमेरा निवडताना मी एकच प्रश्न विचारते: याला गप्प बसवता येतं का? एकदा ठरवून दिलेलं शटर (किती वेळ उजेड आत घ्यायचा), ॲपर्चर (लेन्समधलं पात्यांचं भोक किती उघडं), आयएसओ (उजेडाला किती संवेदनशील), रंग आणि फोकस तो शेवटच्या फोटोपर्यंत जसंच्या तसं धरून ठेवतो का?

फोनपासूनच सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. फोनचा एक गुण फारसा कुणी सांगत नाही. बहुतेक फोनच्या लेन्समधलं ॲपर्चर कायम एकाच मापाचं असतं, त्यामुळे मोठ्या कॅमेऱ्याला छळणारी एक अडचण (ती पुढे येतेच आहे) फोनला नसते. अँड्रॉइडवर 'ओपन कॅमेरा' हे फुकट ॲप घ्या, त्यात फोकस, एक्स्पोजर, रंग सगळं कुलूपबंद करता येतं. 'स्टॉप मोशन स्टुडिओ' घेतलंत तर आधीचा फोटो पुसटसा वर दिसत राहतो. याला ओनियन स्किन म्हणतात आणि हात किती हलवायचा याचा अंदाज त्यानेच येतो. एचडीआर (अनेक फोटो मिसळून एक बनवणारी सोय) बंद, फोन विमान मोडमध्ये, आणि बटण फोनवर दाबायचं नाही. इअरफोनच्या वायरवरचं आवाजाचं बटण दाबायचं.

तरी फोनच्या काही गोष्टी हाताबाहेरच राहतात. फोटो काढल्यावर तो आतल्या आत काय सुधारणा करतो ते पूर्ण थांबवता येत नाही. ज्या फोनमध्ये हात थरथरला तर सावरणारी लेन्स असते, त्यात ती लेन्स जागेवर तरंगतच असते, आणि स्टँडवर घट्ट बसवूनही चौकट केसभर सरकते. शिवाय फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची. वीतभर मावळ्याच्या जवळ गेलं की नाक फुगतं, पाय बारीक होतात आणि किल्ल्यामागे खोलीतलं कपाट दिसायला लागतं. एवढं चालवून घेऊन फोनवर एक पूर्ण फिल्म करा, अर्ध्या मिनिटाची का असेना. ती पुरी झाली तरच पैसे बाहेर काढा.

वेबकॅमबद्दल थोडक्यात. शाळेतल्या मुलांसाठी मी लॉजिटेक सी९२० वापरते. चित्र थेट संगणकावर दिसतं, आपोआप फोकस सॉफ्टवेअरमधून बंद होतो, आणि 'बोट्स ॲनिमेटर' फुकट आहे. दिव्याच्या उजेडात चित्रात दाणे दिसतात, पण दहा मुलं एका पडद्याभोवती बसून काम करू शकतात, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

आता घरच्या कामाचा कॅमेरा. माझ्याकडे कॅनन ६००डी आहे, २०११ साली बाजारात आलेलं मॉडेल, सेकंडहँड घेतलेलं. यात नवं काही नाही, पण लागतं ते सगळं आहे. सगळं मॅन्युअल करता येतं. लाइव्ह व्ह्यू आहे, म्हणजे फोटो काढण्याआधीच चित्र पडद्यावर दिसतं. पडदा फिरतो, त्यामुळे कॅमेरा जमिनीलगत ठेवला तरी मान मोडावी लागत नाही. आणि कॅननचं 'ईओएस युटिलिटी' हे फुकट सॉफ्टवेअर घेऊन कॅमेरा वायरने लॅपटॉपला जोडता येतो. कॅमेऱ्याला हात न लावता लॅपटॉपवरून फोटो काढायचा, आणि फोटो थेट लॅपटॉपवरच उतरतो. मी पुढे 'ड्रॅगनफ्रेम' घेतलं. ते विकतचं आहे, पण ओनियन स्किन, संवादाच्या आवाजाप्रमाणे ओठांची आखणी आणि मागचे फोटो लगेच चालवून पाहणं हे सगळं एकाच जागी मिळतं. कॅमेरा निवडायच्या आधी त्यांच्या संकेतस्थळावरची चालणाऱ्या कॅमेऱ्यांची यादी उघडून पाहा. यादीत नसलेला कॅमेरा कितीही चांगला असला तरी आपल्या कामाचा नाही.

मेगापिक्सेलचा विचार मुळीच करू नका. फुल एचडी चित्र म्हणजे १९२० गुणिले १०८०, जेमतेम दोन मेगापिक्सेल, म्हणजे वीस लाख ठिपके. फोर के म्हटलं तरी सव्वाआठच्या आसपास. ६००डी अठरा मेगापिक्सेलचा फोटो देतो. 'कॉर्प्स ब्राइड' हा बाहुल्यांचा पूर्ण लांबीचा चित्रपट २००५ साली आला. तो फिल्मच्या कॅमेऱ्यावर चित्रित झालाच नाही, कॅनन ईओएस-१डी मार्क टू या फोटोच्या कॅमेऱ्यांवर झाला, आणि तो कॅमेरा होता ८.२ मेगापिक्सेलचा. आपोआप फोकस, अंधारातली क्षमता, सेकंदाला किती फोटो, व्हिडिओ कसा, या कशाचे पैसे मोजायची गरज नाही. आपला मावळा हलत नाही. आयएसओ १०० ठेवा, ॲपर्चर एफ/८ ते एफ/११ (आकडा मोठा तितकं भोक लहान), म्हणजे वीतभर बाहुली नाकापासून पाठीपर्यंत स्पष्ट येते, आणि शटर लागेल तेवढं उघडं राहू दे. मी बहुतेक वेळा अर्धा सेकंद ठेवते. शटर जितका वेळ उघडं तितकी दिव्याची थरथर त्यातच मिसळून जाते. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरचा साधा दिवा सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो. १/२०० सेकंदाच्या फोटोत ते पकडलं जातं, अर्ध्या सेकंदाच्या फोटोत नाही.

'कॉर्प्स ब्राइड'मधली दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. कॅमेरे कॅननचे होते, पण लेन्स निकॉनच्या. तसं का, हे कळलं तर लेन्सची निवड सोपी होते. आजच्या लेन्समध्ये ॲपर्चर कॅमेरा चालवतो. आपल्याला नीट दिसावं म्हणून एरवी ते पूर्ण उघडं ठेवतो आणि फोटोच्या क्षणी एफ/८ पर्यंत मिटतो. दर वेळी ते अगदी त्याच मापाला मिटत नाही, थोडा फरक पडतो. फोटोग्राफरला त्याने काही होत नाही. आपल्याला तीच लुकलुक, आणि सगळं मॅन्युअल करूनही जाणारी नाही. उपाय म्हणजे जुनी, लेन्सवरच ॲपर्चरची रिंग असलेली लेन्स. रिंग हाताने एफ/८ वर फिरवली की पाती तिथेच राहतात, कॅमेऱ्याशी संबंधच उरत नाही.

निकॉनची जुनी लेन्स कॅननवर एका पातळ धातूच्या ॲडॅप्टर रिंगने बसते. निकॉनची लेन्स सेन्सरपासून (कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग) ४६.५ मिलिमीटरवर बसावी अशी रचना आहे, कॅननची ४४ वर. मधल्या अडीच मिलिमीटरमध्ये ती रिंग मावते, काचेची भर लागत नाही. उलट करता येत नाही, म्हणजे कॅननची लेन्स निकॉनच्या बॉडीवर या पद्धतीने नीट चालत नाही. म्हणून बॉडी कॅननची आणि लेन्स निकॉनची, ही जोडी मी सगळ्यांना सुचवते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ॲपर्चरच्या जागी शून्य शून्य दिसतं, ते तसंच असायचं.

माझी ५० मिलिमीटरची निकॉन लेन्स मिरजेच्या काकांकडून आली. त्यांचा फोटो स्टुडिओ होता, फिल्मच्या काळातला. अशा लेन्स कितीतरी घरांत कपाटात पडून आहेत, आधी नातेवाइकांना विचारा. फक्त ६००डीचा सेन्सर लहान असल्यामुळे ५०ची लेन्स ८०सारखी दिसते, म्हणजे चौकटीत कमी भाग मावतो, आणि पाऊण फुटाच्या सेटसाठीही बरंच मागे सरकावं लागतं. खोली लहान असेल तर २८ची शोधा. निकॉनची २८ मिमी एफ/२.८ एआय-एस तर २० सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते. मावळ्याचा चेहरा चौकटभर घ्यायला ती फार छान.

भाच्याला मी आणखी एक आठवण करून दिली. तो राहतो त्या नाशिकजवळच, त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसनचा कॅमेरा आणला आणि कुंडीतल्या वाटाण्याचं रोप एकेक चौकट करत चित्रित केलं. पुढे १९१५ साली 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्या हलवल्या. हाताने फिरवायचा कॅमेरा. लाइव्ह व्ह्यू नाही, आधीचा फोटो पाहायची सोय नाही, फिल्म धुतल्यावरच काय झालंय ते दिसणार. कोंब फुटून वेल वर चढताना पडद्यावर दिसला असेल तेव्हा त्या माणसाला काय वाटलं असेल, हे मी मुलांना शिकवताना दर वर्षी सांगते आणि दर वर्षी मला भरून येतं.

कॅमेऱ्याइतकेच पैसे त्याला धरून ठेवणाऱ्या गोष्टींसाठी बाजूला ठेवा. डमी बॅटरी घ्याच, म्हणजे कॅमेरा थेट विजेवर चालतो. बॅटरी बदलायला खालचं झाकण उघडलं की चौकट हललीच. जड ट्रायपॉड, मधल्या हुकाला वाळूची पिशवी, पाय फरशीला टेपने चिकटवलेले. माझ्या खोलीची खिडकी जाड कापडाने बंद असते आणि काम रात्रीचं, नऊनंतर, कारण संध्याकाळी व्होल्टेज खालीवर होतं. अंगात गडद कपडे. पांढरा कुडता घालून सेटजवळ उभं राहिलं की त्याचा उजेड मावळ्याच्या गालावर पडतो. कॅननच्या मेनूमधलं 'ऑटो लाइटिंग ऑप्टिमायझर' बंद करायला विसरू नका, मॅन्युअलवर असतानाही ते गुपचूप उजेड बदलू शकतं.

सेकंडहँड घेताना. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात जाणार असाल तर लॅपटॉप आणि टॉर्च सोबत घ्या. दुकानातच वायर जोडून लाइव्ह व्ह्यू लॅपटॉपवर येतो का पाहा. कॅमेऱ्याचं यूएसबीचं भोक ढिलं असेल तर बाकी सगळं उत्तम असूनही तो आपल्या उपयोगाचा नाही. शटर किती वेळा चाललंय ते विचारा. या वर्गातल्या कॅमेऱ्याचं शटर साधारण लाखभर क्लिकचं धरतात, आपल्या हिशोबाने ते दोन तासांपेक्षा जास्त पडद्यावरचं काम झालं, त्यामुळे चाळीस-पन्नास हजार झालेला कॅमेरा बिनधास्त घ्या. लेन्सच्या मागून टॉर्च मारून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी, कोकणात आणि मुंबईत राहिलेल्या लेन्समध्ये हमखास असते. ती लेन्स फुकट दिली तरी घरच्या चांगल्या लेन्सच्या डब्यात ठेवू नका. ॲपर्चरची रिंग फिरवून पाती झटकन मिटतात का आणि त्यांवर तेल नाही ना, तेही पाहा. फोकसची रिंग जरा घट्टच बरी. आपल्याला ती पटकन फिरायला नकोच आहे.