हितल्याच की

गुरुवार, रात्री उशिरा

झोप येत नाही, आणि कारण इतकं लहान आहे की कुणाला फोन करून सांगावं तर सांगण्यासारखं काही नाही. गोंधळ्यांच्या म्होरक्यांनी माझी कुलदेवी विचारली. मी सांगितली. ते म्हणाले, "मग तुमी तर हितल्याच की ओ बाई." एवढंच. बोलणारा माणूस पुढच्या क्षणाला विसरलाही असेल, त्यांना रात्रभर उभं राहून गायचं होतं. मी मात्र बँकेत, रिक्षात, मेथी निवडताना तेच वाक्य उलटंसुलटं करून बघते आहे. ते मला गोड लागलं की मनाला लागलं, हेच ठरत नाही.

खालच्या मावशींच्या धाकट्या मुलाच्या लग्नानंतरचा देवीचा गोंधळ होता, मंगळवारी, इथे लातूरात. लग्नाला मी गेले नव्हते. त्या आठवड्यात मला कुठल्याच लग्नाला जाणं झेपलं नसतं आणि मावशींनी ते न विचारता समजून घेतलं. त्यामुळे गोंधळाला घटकाभर बसणं भागच होतं. शाल घेऊन खाली गेले, भिंतीच्या कडेला, तुळशीमागे जागा धरली. तिथून लवकर उठता येतं.

अंगणात पाच उसांचा मांडव उभा केला होता. खाली चौरंग, त्यावर नवा खण, तांदळाचा चौक, कलश, विड्याची पानं, नारळ. दिवटी पेटवली तेव्हा तेलाचा धूर सगळ्यांच्या तोंडावर आला. चौघे गोंधळी. अंगात पायघोळ झगे, गळ्यात कवड्यांच्या माळा. मावशी म्हणाल्या की हे कदमराई, तुळजापूरच्या भवानीचे. माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई, ते वेगळे.

संबळ इतक्या जवळून मी कधी ऐकला नव्हता. कमरेला बांधलेली ती जोडी, एक मोठं, एक लहान. हातात दोन काठ्या, त्यातली एक टोकाशी वाकलेली. मोठ्याचा घुमारा पोटात शिरतो आणि लहानग्याचा कडकडाट कानाच्या पाठीमागे वाजतो, आणि दोन्ही एकाच माणसाच्या हातून होतं यावर विश्वास बसत नाही. बाजूला तुणतुणं. एकच तार, एकच सूर, रात्रभर. झांज मधूनच पुढे येते आणि मागे जाते.

आमच्या कोकणातल्या शिमग्याच्या ढोलात मी वाढले. पालखी नाचते तेव्हा तो ढोल खालच्या वाडीतून, वरच्या वाडीतून, डोंगरावर आपटून येतो. आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. त्याच्याकडे धावत जायला वेळ असतो. संबळ असा वेळ देत नाही. तो अंगणातच सुरू होतो आणि तुम्ही अगोदरच आत असता.

गण झाला आणि आवाहन सुरू झालं. गोंधळात देवांना घरी जेवायला बोलावतात तसं बोलावतात, हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. तुळजापूरची भवानी गोंधळाला यावं. माहूरची रेणुका यावं. कोल्हापूरची लक्ष्मी, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, एकेकाचं गाव घेऊन, गावानंतर नाव घेऊन. प्रत्येक नावानंतर अख्खं अंगण म्हणायचं, उदो! लहान पोरंसुद्धा. मग म्होरके थांबले, घाम पुसला आणि बसलेल्यांना विचारायला लागले, कुणाचं कोणतं दैवत राहिलं का. पाहुणे सांगत गेले, ते जोडत गेले. फिरत फिरत नजर तुळशीमागे आली.

"बाई, तुमचं?"

म्हटलं, कुलस्वामी व्याडेश्वर, गुहागरचा. आणि देवी योगेश्वरी.

"कुठली योगेश्वरी?"

"अंबाजोगाईची."

मग ते हसून ते वाक्य बोलले, आणि उत्तराची वाट न बघता संबळावर थाप पडली. अंबाजोगाईची योगेश्वरी, गोंधळाला यावं. उदो! सगळे म्हणाले. ज्यांना माझं नावही माहीत नाही ते सगळे म्हणाले.

मला रडू आलं. धुराचं निमित्त सगळ्यांनाच होतं, म्हणून निभावलं. पण मी तिथे थांबले नाही. आख्यान सुरू होण्याआधी वर आले आणि दार लावून घेतलं. खालून पहाटेपर्यंत संबळ येत राहिला.

हे नाव मी जन्मापासून ऐकते आहे, त्याचंच नवल वाटतं. अण्णा रोज पूजेच्या शेवटी डोळे मिटून घ्यायचे, "श्री व्याडेश्वर, श्री योगेश्वरी", आणि मग चहा मागायचे. आमच्याकडे गोंधळ नसतो. बोडण असतं. सवाष्णी आणि कुमारिका परातीभोवती बसून पुरण, दूध, दही, तूप, मध कालवतात, त्यात गाणं नाही की वाद्य नाही. तिथेही तिचंच नाव. कोकणातल्या कितीतरी घरांची देवी घाटापलीकडे, बालाघाटाच्या डोंगरात, आणि घरातल्या अर्ध्या माणसांनी तिला कधी पाहिलेलं नाही. अण्णांना जायचं होतं. दरवर्षी जायचं होतं.

आणि मी गेल्या जूनपासून लातूरात आहे. इथून अंबाजोगाई तासा-दीड तासाच्या अंतरावर. गेले नाही. का नाही गेले ते मला चांगलं माहीत आहे, पण ते आज लिहायचं नाही.

तिची कथा मात्र परवापासून पुन्हा पुन्हा आठवते. परळीच्या वैद्यनाथाशी तिचं लग्न ठरलं होतं. मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचं झालं आणि ती अंबाजोगाईलाच राहिली, कुमारी. तिथल्या हत्तीखाना लेण्यातले दगडी हत्ती त्या वऱ्हाडातलेच म्हणून दाखवतात. लहानपणी आई ही गोष्ट सांगायची तेव्हा मला हत्तींचं वाईट वाटायचं. आता.

असू दे.

मी विचार करते आहे ती गोष्ट वेगळी आहे. इथे आल्यापासून मी परकी आहे, हे मला पुरत होतं. आधार होता तो. बदली झाली, नवं गाव आहे, ओळख नाही, दोन-तीन वर्षं काढायची आणि परत जायचं. संध्याकाळी खोलीत कुणी बोलायला नाही हे त्यामुळे समजण्यासारखं होतं. गणपतीत फोन समोर ठेवून आरती म्हटली, तिकडे झांजा वाजत होत्या आणि इकडे माझा एकटीचा आवाज, तेही समजण्यासारखं होतं. परक्या गावात असंच असतं. एका माणसाने चार शब्दांत ते काढून घेतलं. मी हितलीच असेन, तर मग एवढं एकटं वाटण्याचं कारण गाव नाही. मग कारण काय?

इथे येऊन थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. दोन दिवस हेच चाललंय.

गाणं काही इथे परवाच कानावर पडलं असं नाही. मराठवाड्यात गाणं ऐकायला जावं लागत नाही, ते चालत येतं. सप्ताह बसला की पहाटे काकडा, रात्री कीर्तन, मृदंग आणि टाळकऱ्यांची रांग. नवरात्रात आराधी बायका यायच्या, हातात परडी, गळ्यात कवड्या, उंबऱ्याशी उभ्या राहून गायच्या. कोजागरीला तुळजापूरला पायी निघालेल्यांचे जथे रात्रभर रस्त्याने जात होते, "आई राजा उदो उदो", आणि मी गॅलरीतून ऐकत होते. छान वाटायचं. पण ते त्यांचं होतं आणि मी ऐकणारी होते. मध्ये कठडा होता.

एकदाच त्याआधी असं आत हललं होतं, ते नांदेडला. ऑफिसच्या कामाला गेले होते, गाडीला वेळ होता म्हणून हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात जाऊन बसले. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी नांदेडलाच देह ठेवला. आत रागी, म्हणजे तिथले कीर्तन करणारे, गात होते, पेटी आणि तबला, आणि मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. मध्येच "नामा" असं ऐकू आलं. शेजारी बसलेल्या आजींना विचारलं तर म्हणाल्या, भगत नामदेवजी की बाणी. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत हे कधीतरी वाचलं होतं, पण त्या क्षणी ते अंगावर आलं. नरसी इथून काही फार लांब नाही, हिंगोलीकडे. नरसीचा माणूस पंजाबात घुमानपर्यंत गेला, आणि त्याचे शब्द पंजाबी तोंडांतून गोदावरीकाठी परत आले. आता त्याला हितला म्हणायचं की तिकडचा? तिथे कुणालाच तो प्रश्न पडलेला दिसत नव्हता. गाणं चाललं होतं.

तेव्हाही गाडीची वेळ झाली म्हणून उठले होते.

आज संध्याकाळी परात परत द्यायला खाली गेले. मावशी ऊस सोडून ठेवत होत्या. मी काही बोलणार नव्हते, पण विचारलं, की परवा मध्येच तुम्ही गोंधळ्यांना काय म्हणालात? कारण आवाहनात त्यांनी किल्लारीच्या नीलकंठेश्वराला हाक घातली तेव्हा मावशी मधूनच मोठ्याने बोलल्या होत्या आणि ती ओळ पुन्हा गायली गेली होती. तेव्हा माझं लक्ष नव्हतं.

"जुनी म्हणा म्हणलं," त्या म्हणाल्या. "जुनी किल्लारी. त्येंनी नुसतं किल्लारी म्हणलं होतं."

पुढे काही बोलल्या नाहीत. मी विचारलंही नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. आदल्या संध्याकाळी विसर्जन झालं होतं, माणसं दमून झोपली होती, चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. किल्लारी नंतर दुसरीकडे वसवली, जुन्या गावाची जागा तशीच राहिली. मावशींचं कोण कोण त्यात होतं ते या घरात भिंतीवर आहे, कुणी बोट दाखवून सांगत नाही.

त्या इतकी वर्षं लातूरात आहेत. घर बांधलं, मुलं वाढवली, गल्लीतल्या प्रत्येक बारशाला त्यांचा हात लागतो. त्यांच्याहून जास्त हितलं कोण असणार? तरी गोंधळाच्या भर रंगात त्यांनी माणसाला थांबवलं आणि आपलं गाव बरोबर म्हणून घेतलं. आणि त्यानेही बरोबर म्हटलं. दोन्ही झालं. अंगण लातूरचं राहिलं आणि देव जुन्या किल्लारीहून आला.

मी जिन्यात थोडा वेळ उभी राहिले. मला वाटत होतं की त्या माणसाने माझं काहीतरी काढून घेतलं. पण त्यांनी तर गुहागरचा व्याडेश्वरही त्याच दमात बोलावला होता. मी स्वतःच्या रडण्यात ते ऐकलंच नव्हतं, आता आठवलं. समुद्राकाठचा देव, इथल्या कोरड्या थंडीत, उसाच्या मांडवाखाली. कुणी त्याला विचारलं नाही की तू कसा काय इकडे.

एकटं वाटायचं ते वाटतंच आहे. ते संबळाने जाणार नव्हतं, आणि त्याच्याकडे मी ते मागायलाही नको. पण कान माझेच आहेत. त्यांना इथलं लागलं तर लागलं, त्याने शिमग्याचा ढोल काही कमी होत नाही. दोन दिवस मी जणू कुणाची तरी चोरी केल्यासारखी वावरत होते. कुणाची, ते सांगता येणार नाही.

आवाहनाचा थोडा भाग फोनवर घेतला होता, तो आत्ता घरी पाठवला. आईने अण्णांच्या कानाशी धरला म्हणे. दोनदा लावायला लावला. आईला वाटलं देवीचं नाव पुन्हा ऐकायचंय, पण नाही, त्यांना ठेका पकडायचा होता. पखवाज सोडला तरी बोटं सोडत नाहीत. मग आईनेच विषय काढला, मार्गशीर्षात देवीचं नवरात्र असतं ना तिकडे, पौर्णिमेपर्यंत? मी म्हटलं असतं. ती म्हणाली, मिरजेहून रेल्वे आहे का बघ, मला बसने इतकं बसवत नाही. अण्णांचं कसं करायचं ते नंतर बघू म्हणाली. मी रजेचं बघते म्हटलं.

येत्या मंगळवारी औशाला मावशींच्या बहिणीकडे याच मंडळींचा गोंधळ आहे. मावशींनी मला न विचारता गाडीत धरलंय. परवा आख्यान राहिलं माझं, द्रौपदीची कथा होती म्हणे आणि बायका पहाटेपर्यंत हलल्या नाहीत. या वेळी पुढे बसणार आहे, संबळाच्या बाजूला. अण्णांनी विचारलंय की वाकडी काठी कोणत्या हातात असते, आणि ती मोठ्यावर पडते की लहानग्यावर. ते नीट बघून त्यांना सांगायचंय.